नॉर्वेची ‘६३ए’ इंजिनं : युद्धातून आलेल्या जड वाफेच्या इंजिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६३ए म्हणजे नेमकं कुठलं इंजिन?

नॉर्वेच्या सरकारी रेल्वेत, म्हणजे एनएसबीत, दुसऱ्या महायुद्धानंतर दाखल झालेलं २-१०-० चाकरचनेचं मालगाडीचं इंजिन. पुढे एक मोकळा ॲक्सल, त्यामागे दांड्यांनी एकमेकांना जोडलेले पाच ॲक्सल आणि भट्टीखाली आधाराचा वेगळा ॲक्सल नाही. मूळ इंजिन राइश्सबान या जर्मन सरकारी रेल्वेच्या ‘५२’ वर्गातलं. हा वर्ग ‘क्रीग्सलोक’, म्हणजे युद्धइंजिन, या नावानेच ओळखला जातो. मे १९४५ मध्ये जर्मन सैन्य शरण आलं तेव्हा ही इंजिनं नॉर्वेतच राहिली आणि त्यांतली ७४ एनएसबीने वापरली. रेल्वेतले लोक त्यांना ‘स्टोरटिस्कर’, मोठा जर्मन, म्हणत.

बांधलं जर्मनांनी, मग नॉर्वेचं जड इंजिन म्हणून त्याच्याबद्दल बोलायचं कशाला? ‘डोव्रेगुब्बेन’ का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ‘डोव्रेगुब्बेन’ म्हणजे एनएसबीचा ४९ वर्ग. नॉर्वेत आराखडा झालेलं, २-८-४ चाकरचनेचं, चार सिलिंडरांचं कंपाउंड (तीच वाफ एकापाठोपाठ दोन सिलिंडरांत वापरणारं) इंजिन. १९३५ ते १९४१ दरम्यान ही फक्त ७ इंजिनं तयार झाली. काही ओस्लोच्या थुने कारखान्यात, काही जर्मनीत क्रुपकडे. डोंब्योस ते ट्रोंडहाइम या डोव्रे पहाडावरच्या मार्गासाठीच ती होती. नाव आलं इब्सेनच्या ‘पेर ग्युंट’मधल्या पहाडाच्या राजावरून. दिसायला देखणं, अभियांत्रिकीत अवघड आणि नॉर्वेच्या अभिमानाचं इंजिन.

पण वर्ग ७ इंजिनांचा. ६३ए त्याच्या दहापटीहून जास्त होती. युद्धानंतर देश पुन्हा उभा राहत होता तेव्हा लाकूड, धान्य, सिमेंट वाहण्यासाठी आकड्यांची गरज होती, आणि ते आकडे ६३एने पुरवले. त्यामुळे नॉर्वेच्या जड वाफेच्या इंजिनांचा इतिहास लिहिताना या ‘परक्या’ वर्गाला तळटीपेत ढकलणं आम्हाला पटत नाही.

मोजमापं सांगा.

मूळ ५२ वर्गाच्या आराखड्याचे आकडे असे:

- रुळांचा गेज: १,४३५ मिमी
- सिलिंडर: २, व्यास ६०० मिमी, स्ट्रोक ६६० मिमी
- जोडलेल्या चाकांचा व्यास: १,४०० मिमी
- बॉयलरचा दाब: १६ बार
- भट्टीची जाळी: ३.८९ चौ. मी.
- बॉयलरचा तापणारा पृष्ठभाग: सुमारे १७८ चौ. मी., सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारा भाग) वेगळा
- बॉयलरमधल्या नळ्या: ११३ साध्या, ३५ सुपरहीटरच्या मोठ्या, लांबी ५.२ मीटर
- इंजिनाचं कामाला तयार असतानाचं वजन: सुमारे ८४ टन, टेंडर (पाणी-कोळशाचा मागचा डबा) धरून जवळपास १४३ टन
- टेंडर: ३० घनमीटर पाणी, १० टन कोळसा
- शक्ती: सिलिंडरांत मोजलेली सुमारे १,६२० अश्वशक्ती
- कमाल वेग: ८० किमी/तास, पुढे आणि मागे दोन्हीकडे
- टेंडरसह लांबी: २२.९७५ मीटर

या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा कोणता?

जो यादीत नाही तो: ॲक्सलमागे सुमारे १५ टन भार.

रेल्वेत ‘जड इंजिन’ म्हटलं की लोक एकूण वजन बघतात. रुळाला, स्लीपरला आणि पुलाला मात्र एकूण वजनाचा तितका फरक पडत नाही. त्यांना एका ॲक्सलवरून एका जागी किती भार येतो ते सोसायचं असतं. नॉर्वेत डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल टाकून, तुरळक वस्तीच्या प्रदेशात लोहमार्ग गेले. वाहतूक कमी आणि खर्च प्रचंड, म्हणून रूळ हलके ठेवले गेले. तिथे २० टन ॲक्सलभाराचं इंजिन सोडताच येत नाही, मग ते कितीही ताकदवान असो.

चढावर माल ओढायचा तर चाकांवर वजन हवं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. ॲक्सलवर वजन वाढवता येत नसेल तर ॲक्सलच वाढवावे लागतात. ६३एने हेच केलं. पाच जोडलेले ॲक्सल, प्रत्येकी १५ टन, म्हणून रुळाला घट्ट धरून ठेवणारं ७५ टन वजन. डोव्रेगुब्बेनने त्याच अडचणीतून वेगळी वाट काढली. जोडलेले ॲक्सल चार, पण बॉयलर मोठा, आणि त्याचं वाढलेलं वजन तोलायला भट्टीखाली दोन ॲक्सलांची बोगी. तिथे भर सतत जास्त वाफ देण्यावर होता, इथे पकडीवर. म्हणून डोव्रेगुब्बेन पहाडावरच्या प्रवासी गाड्यांना शोभलं आणि ६३ए मालगाड्यांना.

जर्मनांनी ही इंजिनं नॉर्वेत का आणली?

९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. त्यानंतर या लांबलचक देशात लाखो सैनिकांना रसद पोचवणं हे त्यांचं कायमचं ओझं झालं. किनाऱ्याने जहाजं नेली तर ब्रिटिशांचा धोका, म्हणून रेल्वेवर जोर. ट्रोंडहाइमच्या उत्तरेकडचा नूरलान मार्ग त्यांनी घाईने पुढे रेटला. तो १९४० मध्ये मूशोएनला आणि १९४२ मध्ये मू इ रानाला पोचला. तिथून पुढे साल्टफिएल पहाडाकडचं काम मुख्यतः युद्धकैद्यांच्या अंगावर टाकलं गेलं. जर्मनांनी सुमारे १ लाख सोव्हिएत युद्धकैदी नॉर्वेत आणले होते. त्यांतले १३ हजारांहून जास्त तिथेच मेले, उपासमार, थंडी आणि मारहाणीने. युगोस्लाव्ह कैद्यांचीही तीच गत झाली.

५२ वर्गाची इंजिनं या वाहतुकीसाठी आली. ज्या कारखान्यांत ती बनली त्यांतही सक्तीने आणलेले मजूर राबत होते. इंजिनाच्या कौतुकाच्या ओघात ही गोष्ट गाळली तर इतिहास अर्धाच राहतो.

‘युद्धइंजिन’ म्हणजे त्यात वेगळं काय होतं?

१९३९ पासून जर्मनीत ५० वर्गाचं उत्तम २-१०-० इंजिन बनत होतं. शांततेच्या काळातला आराखडा, सगळं नीटनेटकं. पण १९४१-४२ च्या रशियन हिवाळ्यात जर्मन इंजिनं शेकड्यांनी बंद पडली, कारण बाहेरून गेलेले पाइप आणि पंप गोठून फुटले. शिवाय तांबं आणि कथील मिळेनासं झालं होतं. १९४२ मध्ये गेरहार्ट डेगेनकोल्ब यांच्याकडे इंजिन उत्पादनाची सूत्रं गेली आणि ५० वर्गाचा एकेक भाग ‘हा लागतो का?’ या कसोटीवर तपासला गेला. सुमारे ६,००० भागांपैकी जवळपास १,००० भाग काढूनच टाकले आणि ३,००० च्या आसपास सोपे केले. पहिलं इंजिन, ५२ ००१, सप्टेंबर १९४२ मध्ये बाहेर पडलं. बोर्सिग, हेन्शेल, शिखाऊ, व्हिएन्नाचं फ्लोरिड्सडोर्फ असे एक डझनाहून जास्त कारखाने कामाला लागले आणि एकूण ६,००० हून अधिक इंजिनं तयार झाली.

काय गेलं आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, हे बघण्यासारखं आहे.

पाणी तापवणारा प्रीहीटर गेला. सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या वाफेवर बॉयलरचं पाणी आधी तापवून घेतलं की कोळशात साधारण १० टक्क्यांच्या आसपास बचत होते. ती बचत सोडून दिली आणि फक्त दोन इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारी उपकरणं) ठेवले. कोळसा जास्त लागला, पण गोठून फुटणारा पंप आणि त्याची नळ्यांची जाळी वाचली.

ॲक्सल बॉक्सच्या बाजूला झीज भरून काढायला जी पाचर असते तीही गेली. त्यामुळे बॉक्स झिजला की पाचर चढवून खेळ कमी करण्याची सोय राहिली नाही. थेट वर्कशॉपमध्येच जावं लागे.

धूर उचलणारे पत्रे काढले, पायऱ्या, कठडे, झाकणं साधी केली. जाड पट्ट्यांच्या चौकटीऐवजी बहुतेक इंजिनांना पत्र्याची जोडलेली चौकट आली. पिस्टनपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्या सुबक घडवण्याऐवजी साध्या छेदाच्या पट्टीला टोकं वेल्ड करून बनवल्या.

बॉयलर आणि सिलिंडर मात्र जवळजवळ तसेच ठेवले. म्हणूनच हे इंजिन टिकलं. काटछाट सोयींत झाली, गाभ्यात नाही.

कॅब सगळीकडून बंद का आहे?

थंडीमुळे. जुन्या जर्मन इंजिनांची कॅब मागून उघडी असे. टेंडर आणि कॅब यांच्यामधून वारा थेट ड्रायव्हर-फायरमनच्या पाठीत घुसायचा. ५२ वर्गाला मागूनही भिंत असलेली बंद कॅब दिली आणि जर्मन रेल्वेवाल्यांनी तिला ‘नॉर्वेजियन’ पद्धतीची कॅब म्हटलं, कारण नॉर्वेत अशा कॅब आधीपासून रुळलेल्या होत्या. म्हणजे नॉर्वेची एक सवय जर्मन आराखड्यात गेली आणि इंजिनासोबत परत नॉर्वेत आली.

टेंडर टबासारखा गोल का?

पाण्याची टाकी हीच टेंडरची चौकट केली. खाली वेगळी फ्रेम नाही, गोलाकार तळाची टाकी थेट दोन बोग्यांवर बसते. पोलाद वाचलं, वजन घटलं आणि ३० घनमीटर पाणी मावलं. पुढच्या बाजूला भिंत असल्याने उलट धावतानाही वारा आणि कोळशाची धूळ थोडी अडते. फिरवायला टर्नटेबल नसलेल्या ठिकाणी याचा फार उपयोग होतो.

चढावर किती माल ओढू शकतं?

गणित करून बघू. सिलिंडरांचे आकडे घेतले आणि बॉयलरच्या दाबाच्या ८५ टक्के दाब धरला, तर सुरुवातीची खेच सुमारे २३१ किलोन्यूटन येते. म्हणजे साधारण २३.५ टन. चाकांवर ७५ टन असल्याने ही खेच रुळावर उतरायला ०.३१ इतका घर्षणांक लागतो. कोरड्या, स्वच्छ, वाळू टाकलेल्या रुळावर तो मिळतो. ओल्या किंवा दहिवर पडलेल्या रुळावर ०.२ मिळाला तरी नशीब, म्हणजे खेच १५ टनांवर येते आणि त्यापुढे रेग्युलेटर (सिलिंडरांकडे वाफ सोडणारा वाल्व्ह) उघडला की चाकं घसरतात.

सुरुवातीची खेच हा फक्त सुटतानाचा आकडा. चढावर तासभर टिकून राहायचं तर बॉयलरची वाफ ठरवते. १,६२० अश्वशक्तीतली सुमारे ९० टक्के चाकांपर्यंत पोचते असं धरलं, तर ३० किमी वेगाला खेच सुमारे १३ टन उरते. चढ दर हजारी १८, म्हणजे ५५ मीटरला १ मीटर. डोव्रे मार्गावर असेच चढ आहेत. तिथे गाडीच्या प्रत्येक टनाला चढासाठी १८ किलो आणि चाकांच्या रोधासाठी ३ ते ४ किलो, असे २२ किलो धरू. १३,००० भागिले २२ म्हणजे जवळपास ५९० टन. त्यात इंजिन-टेंडरचे १४३ टन. उरतो ४५० टनांच्या आतबाहेर माल. वळणं आणि वारा धरला तर आणखी कमी. सपाटीवर हेच इंजिन १,००० टनांहून बरंच जास्त सहज ओढतं. डोंगराळ देशात गाडीचं वजन तिच्या मार्गावरचा सगळ्यात वाईट चढ ठरवतो.

डोंब्योस स्टेशन ६५९ मीटरवर आणि फोकस्तुआ ९५२ मीटरवर आहे. २९३ मीटर चढायला दर हजारी १८ च्या चढाने किमान १६ किमी लागतात. ३० किमी वेगाने हा अर्धा तास फायरमनला क्षणाचीही उसंत नसते. पुढे हिएर्किनजवळ मार्ग १,०२४ मीटरवर माथा गाठतो.

पाणी आधी संपतं की कोळसा?

पाणी, आणि फार आधी. जर्मन नियमाप्रमाणे बॉयलरच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागातून तासाला ५७ किलो वाफ ही सततची मर्यादा. १७८ गुणिले ५७ म्हणजे तासाला सुमारे १० टन. ३० घनमीटर पाणी पूर्ण जोराने तीन तासांत संपतं. एक किलो कोळसा साधारण ७ किलो वाफ देतो असं धरलं तर तासाला जवळपास दीड टन कोळसा जळतो आणि १० टन कोळसा पावणेसात तास पुरतो. म्हणून वेळापत्रक आखताना आधी पाण्याचे थांबे बघायचे. शिवाय हा दीड टन फायरमनच्या फावड्यातून जातो. १५ किलोचं एक फावडं धरलं तरी तासाला शंभर फावडी, ३.८९ चौ. मी. जाळीवर बरोबर पसरून, कोपरे आणि मागची बाजू जाड ठेवून.

माथा ओलांडताना गेज ग्लासमधलं (बॉयलरची पाणीपातळी दाखवणाऱ्या काचेतलं) पाणी एकदम खाली का जातं?

ही बाब गंभीर आहे. चढताना इंजिनाचं नाक वर असतं, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे भट्टीकडे साचतं आणि काच जास्त पाणी दाखवते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावतं. दोन्ही बाजूंना दर हजारी १८ चा उतार असेल तर फरक ३६ चा. बॉयलरच्या मध्यापासून भट्टीचा मागचा भाग साडेतीन मीटर धरला, तर तिथली पातळी १२६ मिमीने, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरने उतरते. त्यात रेग्युलेटर बंद केला की उकळीने फुगलेलं पाणी आणखी बसतं.

भट्टीचं छत उघडं पडलं तर पोलाद तापून मऊ होतं आणि बॉयलरच्या दाबाने फाटू शकतं. म्हणून माथ्याच्या आधी, अजून चढ असतानाच, इंजेक्टर लावून पाणी वर घ्यायचं. चढावर काच अर्धी दिसते म्हणून निर्धास्त राहणं हाच सगळ्यात मोठा धोका. आणि उलटं टोकही वाईट. फार भरलं तर पाणी वाफेबरोबर सिलिंडरांत जातं आणि पिस्टनच्या दणक्याने झाकण फुटू शकतं.

हिवाळ्यात हे इंजिन उभं करायचं असेल तर काय करावं लागतं?

शक्यतो ते थंड होऊ द्यायचं नाही. शेडमध्ये मंद आग ठेवून थोडा दाब राखणं हे गोठलेल्या पाइपांशी झगडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. विझवायचंच असेल तर आधी आग काढून दाब हळूहळू उतरू द्यायचा, मग बॉयलर रिकामा करायचा. सिलिंडरांचे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवायचे. दोन्ही इंजेक्टर, त्यांच्या पाण्याच्या आणि वाफेच्या नळ्या, हवेच्या ब्रेकचा पंप आणि डबे तापवायची वाफेची नळी रिकामी करायची. टेंडर पूर्ण रिकामा, टेंडर आणि इंजिन यांना जोडणारे रबरी पाइप सोडून झटकायचे. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं साचलेलं पाणी काढायचं. बहुतेक वेळा राहून जातं ते टेंडरच्या तळाचं गाळणीचं भांडं. त्यात उरलेलं तांब्याभर पाणी गोठून कास्टिंगला तडा द्यायला पुरेसं असतं.

वाळूचंही बघायला हवं. दमट वाळू नळीत गोठते आणि नेमकी चढावर वाळू पडत नाही. वाळू भट्टीवर कोरडी करूनच भरायची. बेअरिंगसाठी हिवाळी, पातळ तेल.

इंजेक्टर पाणी घेत नाही, असं का होतं?

टेंडरमधलं पाणी गरम झालं असेल, ओढणाऱ्या पाइपाच्या जोडातून हवा शिरत असेल, आतल्या शंकूंवर क्षार बसले असतील, गाळणी बर्फाने तुंबली असेल, किंवा बॉयलरकडचा, पाणी मागे येऊ न देणारा वाल्व्ह नीट बसत नसेल. शेवटच्या प्रकारात बॉयलरचं गरम पाणी मागे येऊन इंजेक्टर तापतो आणि मग तो काहीही केलं तरी धरत नाही. बाहेरून थंड पाणी ओतून इंजेक्टर गार करायचा. मग क्रम पाळायचा: आधी पाण्याचा वाल्व्ह पूर्ण उघडायचा, ओव्हरफ्लोतून पाणी दिसलं की वाफ द्यायची, आणि पाणी धरलं की पाण्याचा वाल्व्ह थोडा आवरायचा. दोन्ही इंजेक्टर गेले तर आग टाकून द्यायची, दुसरा इलाज नाही.

या वर्गाची ठरावीक दुखणी कोणती?

ॲक्सल बॉक्समधला खडखडाट पहिला. पाचर नसल्याने झीज झाली की चौकटीत बॉक्स आपटतो, त्याने बेअरिंग तापतं आणि पत्र्याच्या चौकटीला कोपऱ्यांत तडे जातात. थोडाच काळ चालवायच्या हिशोबाने जे वगळलं होतं ते दहा-पंधरा वर्षं वापरलं की असं होणारच.

दुसरं भट्टीचं. पोलादी भट्टी तांब्याइतकी सोशिक नसते. आग खाली गेलेली, दार उघडं आणि वरून इंजेक्टरचं पाणी, असं वारंवार झालं की स्टे-बोल्टजवळ (भट्टी आणि बॉयलरचे पत्रे बांधून ठेवणाऱ्या बोल्टजवळ) गळती आणि नळ्यांच्या टोकांना तडे सुरू होतात. चढावर पूर्ण जोर आणि लगेच उतारावर रेग्युलेटर बंद, हा नॉर्वेतल्या मार्गांचा रोजचा क्रम भट्टीला त्रासदायकच.

तिसरं, सुपरहीटरच्या ३५ घटकांपैकी एखाद्याचा जोड गळणं. स्मोकबॉक्समध्ये (बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या धुराच्या कप्प्यात) वाफ सुटते, ओढ कमी होते, आग मरगळते आणि फायरमनला वाटतं कोळसा वाईट आहे. वाफ बंद पडण्याची तक्रार आली की आधी स्मोकबॉक्सचं दार उघडून बघायचं.

लांब उतारावर वाफेशिवाय धावताना पिस्टनच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारे वाल्व्ह उघडतात. ते चिकटले तर सिलिंडर स्मोकबॉक्समधली गरम, राखट हवा ओढतो, तेल करपतं आणि रिंगा अडकतात. उतारावर थोडीशी वाफ चालू ठेवण्याची जुनी सवय यावर उपयोगी आहे.

इंजिनांचे नंबर इतके मोठे का? एकाचा नंबर ५८६५ आहे, म्हणजे ५,८६५ इंजिनं होती का?

नाही. एनएसबीची पद्धत अशी: वर्गाला आकडा, त्यातल्या उपप्रकाराला अक्षर. ४९ए, ४९बी, ४९सी तशीच. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र क्रमांक. ६३एच्या बाबतीत मात्र जर्मन क्रमांक तसाच ठेवला, फक्त पुढचं ‘५२’ गेलं. जर्मन ५२ २७७० नॉर्वेत ६३ए २७७० झालं.

ही इंजिनं गेली कधी?

१९५० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने. एकीकडे विद्युतीकरण पुढे सरकत होतं, दुसरीकडे डिझेल आली. स्वीडनच्या नोहाबने जनरल मोटर्सच्या परवान्याने बनवलेली १,७५० अश्वशक्तीची डीआय ३ इंजिनं १९५४ पासून येऊ लागली आणि पहाडी मार्गांवर त्यांनी वाफेची जागा घेतली. त्यांना पाण्याचे थांबे नकोत, रात्रभर जळती आग नको, आणि कोळसाही नको. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर कोळशाच्या खाणी नसल्याने कोळसा समुद्रमार्गे आणावा लागे, हे कारण छोटं नव्हतं. डोव्रेगुब्बेन वर्ग १९५० च्या दशकातच संपला. बर्गेन मार्ग १९६४ मध्ये पूर्ण विजेवर गेला, डोव्रे मार्ग १९७० मध्ये. नूरलान मार्ग १९६२ मध्ये बोडोपर्यंत उघडला तोवर डिझेलचं राज्य पक्कं झालं होतं.

आज कुठे बघता येतील?

६३ए २७७० नॉर्वेत जतन केलेलं आहे. ५८६५ मात्र इंग्लंडमध्ये नॉर्फकच्या ब्रेसिंगहॅम संग्रहालयात आहे, ‘पेर ग्युंट’ या नावाने. ते १९४४ मध्ये एल्बिंगच्या शिखाऊ कारखान्यात बनलं. तिथे त्याच्या शेजारी उभं राहून पाच जोडलेल्या चाकांची उंची बघा. १,४०० मिमी म्हणजे प्रौढ माणसाच्या छातीपर्यंत. डोव्रेगुब्बेनपैकी ४७० हे एकच उरलं आहे, हामारच्या नॉर्वेजियन रेल्वे संग्रहालयात. दोन्ही वर्गांची विचारपद्धत समजून घ्यायची असेल तर ४७० च्या भट्टीखालची मागची बोगी आधी बघावी.

जुन्या फोटोत दोन्ही वर्ग पटकन ओळखायचे कसे?

जोडलेली चाकं मोजा. एका बाजूला पाच आणि मागे काही नाही, टेंडर गोल टबासारखा, तर ६३ए. चार चाकं आणि कॅबखाली आणखी दोन छोटी, तर ४९.

हीच इंजिनं आणखी कुठे होती?

जवळपास सगळ्या युरोपभर. सोव्हिएत संघात ‘टीई’, पोलंडमध्ये टीवाय२, चेकोस्लोव्हाकियात ५५५.०, युगोस्लाव्हियात ३३, बेल्जियममध्ये २६, हंगेरीत ५२०. पूर्व जर्मनीने १९६० च्या दशकात २०० इंजिनं नव्या बॉयलरसह पुन्हा बांधली आणि ती बरीच वर्षं चालवली. सुटे भाग, आराखडे आणि दुरुस्तीचा अनुभव शोधायचा असेल तर म्हणूनच जर्मनी आणि पोलंडकडे बघावं.

मॉडेल करायचं आहे, ५२ वर्गाचं तयार मॉडेल घेऊन ६३ए करता येईल का?

करता येईल, आणि बहुतेक जण तेच करतात. १:८७ प्रमाणात टेंडरसह लांबी २६४ मिमी, जोडलेली चाकं १६ मिमी. १:१६० मध्ये लांबी १४४ मिमीच्या जवळ. टबाच्या टेंडरचंच मॉडेल घ्या. पूर्व जर्मनीच्या पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाचं मॉडेल घेऊ नका, त्याचा बॉयलर वेगळा दिसतो. पश्चिम जर्मनीतल्या काही प्रकारांना नंतर बसवलेले धुराचे छोटे पत्रे आणि प्रीहीटर असतात, ते काढावे लागतील. नंबरपाटी बदलण्याआधी नेमकं एक इंजिन आणि एक वर्ष निवडा, त्या इंजिनाचा फोटो समोर ठेवा आणि चौकट पट्ट्यांची आहे की पत्र्याची ते तपासा. चाकांच्या वरून दिसणाऱ्या मोकळ्या जागेत हा फरक लगेच कळतो आणि मॉडेलमध्ये तो नंतर दुरुस्त करता येत नाही.